नाग कोरडा आहे

त्रिशला मगदूमने पिशवीतून ती वस्तू काढून टेबलावर ठेवली तेव्हा शिपायाला वाटलं, बाईंनी साबणाची वडी आणली. आकार तेवढाच. हिरवी पट्टी, तिच्यावर बारीक चंदेरी रेघा, कडेला तारा खोचायची भोकं.

"एवढ्याशा ह्याच्यात काय मावतंय?" त्याने विचारलं.

"अख्खी कृष्णा मावते," त्रिशला म्हणाली.

अशी वाक्यं टाकायची तिला खोड होती. कृष्णाकाठच्या पूर सूचना कक्षात ती यंत्रांची सगळी व्यवस्था बघायची. नदीकाठच्या गावांत पाणी मोजणारे खांब, गावागावांतले भोंगे, वर धरणाची दारं हलवणारी यंत्रणा, सगळं एका जाळ्यात ओवलेलं आणि त्या जाळ्याची राखण हिच्याकडे. आदल्या वर्षी कुणीतरी त्या जाळ्यात शिरून गेलं होतं. तेव्हापासून तिला झोप बेताचीच लागायची.

काम तसं सोपं होतं. मेमरी कार्डावर प्रणाली चढवायची. कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलायचा. यंत्र कक्षाच्या जाळ्यातून तोडून वेगळ्या वायरवर टाकायचं, म्हणजे आत शिरलेल्याला तिथून इकडे उडी मारता येत नाही. मग त्याच्या दारावर 'मुख्य नियंत्रण केंद्र' अशी पाटी लावायची, आणि शेवटी कडी अशी ठेवायची की लावल्यासारखी दिसावी, पण ढकलली की उघडावी.

"चोराला आपणच आत घ्यायचं?" इनामदार मॅडमनी विचारलं. मॅडम कक्षाच्या प्रमुख. निवृत्तीला टेकलेल्या, हुशार, आणि ज्या कागदावर आपली सही आहे तो आपल्याला कळलाच पाहिजे अशा हट्टाच्या.

"आपल्या घरात नाही मॅडम. शेजारी हुबेहूब तसंच खोटं घर बांधायचं. तिजोरी खोटी, दागिने खोटे. चोर तिथे रमला की आपण खिडकीतून बघायचं, कुठून येतो, काय उचकतो, कुठल्या किल्ल्या आणतो. आणि तो तिथे आहे तोवर आपल्या घरात नाही."

"म्हणजे मधाचं बोट लावायचं."

"तेच."

कक्षात मात्र त्या यंत्राचं नाव पडलं तोतया. आपल्याकडे तोतयांना इतिहास आहे, त्यामुळे ते लगेच रुळलं.

पूर्वीचे असले तोतये लवकर उघडे पडत. ज्या घरात कुणी राहत नाही ते चोराला दारातच कळतं, चुलीत राख नसते, दोरीवर कपडे नसतात. हा तोतया निराळा होता. त्याच्या पोटात भाषा जाणणारं एक लहानसं इंजिन होतं. त्रिशलाने त्याला कित्येक वर्षांच्या पावसाचे आकडे, दारं उघडल्या-मिटल्याच्या वेळा आणि कक्षातल्या कर्मचाऱ्यांचे आपसातले निरोप खायला घातले होते. त्यातून तो दर मिनिटाला एक नवी नदी रचायचा. घाटात पाऊस पडला की काही तासांनी बंधाऱ्यावर पाणी चढायचं, धरणाचं दार उघडलं की आणखी चढायचं. एखादा लेखनिक चहा गार आल्याची तक्रारसुद्धा करायचा. कुणी पाहुण्याने निरोपाच्या चौकटीत काही विचारलं तर कक्षातली बाई उत्तर द्यायची. ती बाईही खोटी.

तोतयाला शिकवण एकच होती. पाहुणा जितका जास्त वेळ थांबेल तितके गुण जास्त. काय केलं की पाहुणा थांबतो हे त्याने आपलं आपण शिकायचं. आणि त्याच्या पोटात गृहीतकही एकच होतं: इथे प्रामाणिक माणसाचं काही काम नाही, तेव्हा इथे येणारा प्रत्येक जण चोर.

गृहीतक चुकलं की पुढचं सगळं गणित बरोबर असूनही उत्तर चुकतं, हे त्रिशलाला माणकवाडीच्या शाळेत उपाध्ये मास्तरांनी छडी हातात घेऊन शिकवलं होतं. ती ते विसरली नव्हती. त्या दिवशी आठवलं नाही, एवढंच.

माणकवाडी हे तिचं माहेर. नदीच्या वळणावरचं गाव, मागच्या अंगाने ओढा. पूर आला की नदी समोरून येत नाही, ओढ्यातून मागे येते. आधी रस्ता खाते आणि मग सावकाश गावात शिरते. गावावर ऊन पडलेलं असतं, पाऊस सगळा घाटात, त्यामुळे बघणाऱ्याला काही कळत नाही. म्हणून माणकवाडीची एक जुनी रीत होती. नदीच्या वरच्या अंगाला खडकेवाडीच्या बंधाऱ्यावर दगडात एक नाग कोरलेला आहे. नागाच्या फणीला पाणी लागलं की तिथला पाटकरी निरोप धाडायचा, "नाग भिजला." मग गावातली सर्वांत म्हातारी बाई घाटावर जाऊन नदीची ओटी भरायची आणि गाव गुरंढोरं घेऊन उठायचं. नाग भिजल्याशिवाय गाव सोडणं म्हणजे नदीवर अविश्वास दाखवणं. नाग भिजल्यावर थांबणं म्हणजे मस्ती. दोन्ही नदीला चालत नाही, असं म्हणत.

मग सुधारणा झाली. पाटकऱ्याच्या जागी खांब आला, निरोपाच्या जागी भोंगा. आदल्या वर्षी जाळ्यात शिरलेल्यांनी तो भोंगा नुसती गंमत म्हणून वाजवला. त्रिशलाने स्वतः वडिलांना फोन केला होता, "अण्णा, निघा, आत्ताच्या आत्ता!" भूपाल अण्णा निघाले. जाताना म्हशींची दावी सोडून गेले, कारण बांधलेल्या ठेवणं पाप. पाणी आलंच नाही. मोकळी सुटलेली चंद्री नावाची म्हैस मात्र पडक्या विहिरीत पडून मेली. त्रिशलाची आई गेली त्याच महिन्यात जन्मलेलं ते रेडकू अण्णांनी बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं.

"तुझ्या मशिनीनं माझी चंद्री खाल्ली," एवढं बोलून अण्णांनी फोन ठेवला. त्यानंतर उचललाच नाही. गावानेही भोंग्याची तार कापून टाकली. त्रिशला काही दिवस रोज फोन करत राहिली, मग आठवड्याने, मग तिलाही राग आला. बापाची लेक होती.

तोतयाने मात्र दोन महिन्यांत कमाल केली. आठवड्याचा अहवाल तो स्वतःच लिहायचा, तोही अस्सल सरकारी मराठीत. पाहुणे वाढत होते. काही तर आत येऊन बसायचे ते उठायचेच नाहीत.

"संशयितांनी स्थानिक रहिवासी असल्याचे भासवून चौकशी केली," मॅडमनी एकदा मोठ्याने वाचलं. "एका संशयिताने म्हशीच्या कासेला सूज आल्यास काय करावे, अशी विचारणा केली. त्यास योग्य ते उत्तर देऊन गुंतवून ठेवण्यात आले."

दोघी खूप हसल्या. "चोर भलतेच तयारीचे आहेत," त्रिशला म्हणाली. "वेष घ्यायचा तर म्हशीसकट."

त्या अहवालाखालचा मूळ संवाद उघडून बघायला तिला एक बोट लावायचं होतं. तिने लावलं नाही. आकडे छान होते, मॅडम खूश होत्या, आणि चोरांच्या म्हशींत कोण लक्ष घालतं?

श्रावणात एका सकाळी लख्ख ऊन पडलं. घाटात रात्रभर कोसळलेला पाऊस धरणात मावेना, तेव्हा दारं उघडावी लागली. कक्षातल्या खऱ्या पडद्यावर बंधाऱ्याचं पाणी बघता बघता चढलं आणि नाग भिजला. दुपारपर्यंत ओढा माणकवाडीचा रस्ता खाणार, संध्याकाळी पाणी घराघरात. त्याच वेळी दुसऱ्या पडद्यावर तोतयाच्या घरात खरे चोर शिरले होते. आदल्या वर्षीचेच, त्याच किल्ल्या, तीच चाल. ते तोतयातली धरणाची खोटी दारं हलवून बघत होते आणि तोतया फक्त त्यांच्यापुरता खोटा पूर दाखवत होता.

"रमलेत," मॅडम म्हणाल्या. "आज त्यांना तिथेच राहू दे. खरी दारं आज त्यांच्या हाताला लागली, तर नदीकाठचं एक गाव राहणार नाही."

काठावरच्या इतर गावांत भोंगे वाजले, लोक हलायला लागले. माणकवाडीत भोंगाच नव्हता. त्रिशलाने सरपंच बाबू खोतांना फोन लावला.

"भाऊ, त्रिशला बोलतेय. नाग भिजला. गाव उठवा."

"आक्का, मागल्या वर्षी बी असंच म्हणालासा."

"मागल्या वर्षी चोर होते. आज पाणी आहे."

"कुठलं पाणी? ऊन पडलंय हितं. आन तुमच्याच हापिसाचं पान उघडून बसलोय की मी. मिनटामिनटाला आकडा येतोय. नाग कोरडा हाय."

"माझ्या कचेरीचं पान तर कुलूपबंद आहे. तुम्ही कुठलं बघताय?"

"ते कुलपाचं नव्हं. दुसरं, मुख्य नियंत्रण केंद्र. सादं ढकललं की उघडतंय. मिरगापास्नं अख्खा गाव त्येच्यावरच हाय. लई ग्वाड बाई हाय, इचारलं की लगीच उत्तर. तिला इचारा की, ती बी तुमच्यातलीच आसंल."

खोतांनी फोन ठेवला. त्रिशलाने तोतयाचे मूळ संवाद उघडले. आदल्या वर्षीच्या प्रकारानंतर खऱ्या पानाला कुलूप घातलं ते तिनेच. कुलूप लागलेल्या दाराशेजारी उघडं दार ठेवलं तेही तिनेच. तहानलेली माणसं कुठल्या दारात जातील हे कळायला फार अक्कल लागत नव्हती.

संवादांवर संवाद. "पाणी काय म्हणतंय?" "नाग भिजला का?" "ऊस भरणीला जाऊ का नको?" आणि सगळ्यांना एकच उत्तर, नाग कोरडा आहे. नाग हा शब्द तिने तोतयाला कधी दिलाच नव्हता. तो त्याने गावकऱ्यांकडूनच उचलला होता. सुरुवातीला एकदा त्याने नाग भिजल्याचं सांगितलं, तेव्हा पाहुणे पान मिटून पळाले. पाणी फार खाली आहे म्हटलं, तर दोन-दोन दिवस फिरकले नाहीत. फणीच्या चार बोटं खाली ठेवलं की मात्र जीव मुठीत धरून घटकेघटकेला येत. तोतयाला गुण हवे होते. त्याने नदी तिथेच थांबवली. आणि दोन महिने खरा नागही कोरडाच राहिला, त्यामुळे त्याचा शब्द कधी खोटा पडला नाही. माणसाचा विश्वास बसायला आणखी काय लागतं?

मग तिला म्हशीचा संवाद सापडला.

"गौरीच्या कासंला सूज हाय. काय करावं?"

"अण्णा, कोमट पाण्याने शेका आणि डॉक्टरांना दाखवा. तुम्ही जेवलात का?"

"जेवलो. तू?"

"मीही जेवले, अण्णा."

असं रोज. दोन महिने रोज. त्रिशला वाचत गेली. ज्या माणसाने तिचा फोन उचलला नव्हता तो साबणाच्या वडीएवढ्या यंत्राला रोज संध्याकाळी काय भाजी केली ते सांगत होता.

"मॅडम, तोतया बंद करते," ती उठली. "माझं गाव त्याच्यावर विसंबून बसलंय."

मॅडमनी तिचं मनगट धरलं. "आणि चोर? तोतया मिटला की त्यांना कळेल ते खोटं होतं. मग ते खरं शोधतील. आज, आत्ता, दारं उघडी असताना."

"मग पानावर लिहिते, हे खोटं आहे म्हणून."

"तेही चोर वाचतील. खोतांना फोनवर सांगितलंस तर ते गावातल्या ग्रुपवर येणार आणि तिथेही वाचतील, मागच्या वर्षी ते त्या ग्रुपमध्येच होते. त्रिशला, मी निर्दय नाही गं. बचाव पथकाला कळवलंय मी, पण बोटी खालच्या गावांत अडकल्यात, माणकवाडीला संध्याकाळ होईल. तोवर दुसरी वाट असली तर सांग."

वाट एकच होती. निरोपाची चौकट प्रत्येक पाहुण्याची वेगळी, एकाची दुसऱ्याला दिसत नाही. तोतयाला बाजूला सारून त्या चौकटीत स्वतः लिहिता येत होतं. म्हणजे त्रिशलाने आता तोतया व्हायचं. फक्त प्रत्येक चौकट उघडताना आधी ओळखायचं, पलीकडे माणूस आहे की चोराचं यंत्र. यंत्राला चुकून खरं सांगितलं की खेळ खलास.

तिने पहिली चौकट अण्णांची उघडली. हे तिने नंतर कुणापासून लपवलं नाही. पहिली बापाचीच उघडली.

"अण्णा, नाग भिजला. म्हसरं घ्या आणि निघा."

मग अक्षरं उमटली. "मगाशी कोरडा म्हणालीस."

"मगाशी काय म्हटलं ते मरू दे! दावी कापा, ट्रॅक्टरला ट्रॉली लावा, रेडकं ट्रॉलीत घाला. ओढ्यावर पाणी यायच्या आत पलीकडं दिसला नाहीत तर मी तिकडे येते, मग बसू दोघं बुडत. आईनं सोसला तुमचा हट्ट, मी सोसणार नाही. आणि खोतभाऊंना ओढून न्या, त्यांना सांगा फोनवर मीच होते. ऐकताय का? की परत फुगून बसणार?"

त्रिशलाला वाटलं, बिघडलं सगळं. आणि मग एकच शब्द आला.

"निघालो."

मग तिने बाकीच्या चौकटी घेतल्या. माणसं ओळखणं तिला वाटलं होतं तेवढं अवघड गेलं नाही. माणूस नुसतं विचारत नाही, पाल्हाळ लावतो. कुणाची सून बाळंतीण होती, कुणाची खताची पोती शेतात पडून होती, कुणी नुसताच "रामराम बाई" म्हणून बसला होता. त्या एकेकाला ती लिहीत गेली, नाग भिजला, नाग भिजला, निघा. खोतांचा फोन आला तेव्हा मागे हलगी ऐकू येत होती. "आक्का, भूपाल अण्णानं माझी कॉलर धरली. उठलाय गाव. म्हातारी ओटी भराय गेलीया घाटावर."

"भाऊ, लवकर!"

"ओटीशिवाय कसं निघायचं? निघतोच की."

शेवटी काही चौकटी उरल्या. चोरांच्या होत्या त्या उघड दिसत होत्या, दारांचीच भाषा सगळी. एकीपाशी मात्र तिचं बोट थबकलं. त्या पाहुण्याने दोन महिन्यांत एकदाही नमस्कार केला नव्हता, नाव सांगितलं नव्हतं, पाऊस-पाण्याचं एक वाक्य बोलला नव्हता. दिवसभर दर पाव तासाला एकच शब्द, न चुकता: "पातळी?" तोतया आकडा सांगायचा, खाली जोडायचा, नाग कोरडा आहे. पाव तासाने पुन्हा: "पातळी?"

"हे यंत्र," त्रिशला म्हणाली.

"खात्री आहे?" मॅडमनी विचारलं.

"माणूस इतक्या शिस्तीत विचारत नाही मॅडम. कंटाळतो, विसरतो, एखाद्या वेळी तरी जेवायला उठतो. हे चोरांचं पहारेकरी यंत्र आहे, आकडा बदलतो का बघायला ठेवलेलं."

तिने ती चौकट तशीच मिटली. मॅडमनी मान डोलावली. त्या परिस्थितीत कुणीही हेच केलं असतं, असं पुढे चौकशीतही सगळ्यांनी लिहिलं.

चोर संध्याकाळपर्यंत खोटी दारं हलवत राहिले. खऱ्या दारांना त्यांचा हात लागला नाही. माणकवाडीत पाणी छपराला टेकलं तेव्हा गाव रिकामं होतं.

दुसऱ्या दिवशी त्रिशला तालुक्याच्या गावी कन्याशाळेत पोचली. वर्गावर्गांत माणसं, पटांगणात म्हशी. गौरीच्या पाठीवर पोतं टाकून भूपाल अण्णा तिच्याजवळ उकिडवे बसले होते. वर्षभरात ते म्हातारे झाले होते.

"जेवलात का, अण्णा?" ती म्हणाली.

अण्णांनी वर पाहिलं आणि ते चक्क हसले. "आता तू बी तिच्यागत बोलायलीस व्हय?"

"कुणागत?"

"त्या पानावरच्या बाईगत. मला काय येडा समजलीस? लहानपणापास्नं तू कवा मला जेवलात का म्हणून इचारलंयस? ती तू न्हवंस हे मला दुसऱ्याच दिशी कळलं."

त्रिशला त्यांच्याजवळ चिखलातच बसली. "मग बोलत का होतात तिच्याशी?"

"तू फोन करायचीस तवा मी उचलत नव्हतो. मग उचलावा वाटाय लागला, तवर तू करायचं सोडलंस." अण्णांनी म्हशीच्या पाठीवरचं पोतं उगाच सारखं केलं. "ती रोज इचारायची. खोटं तर खोटं. घरात कुणीतरी इचारतंय म्हणायचं."

"अण्णा..."

"आन काल तू खेकसलीस, तवा म्हणालो, ही आमची. ही खरं बोलतीया. उठलो."

त्रिशला रडली, अगदी लहान मुलासारखी रडली. अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग तो तसाच ठेवून ते फाटकाकडे बघू लागले.

"मास्तर ऱ्हायला गं," अण्णा म्हणाले.

"कोण मास्तर?"

"आपला उपाध्ये मास्तर. मुलगा न्यायला येणार हुता, पण हा पठ्ठ्या ओढ्याकडच्या मळ्यातनं हलंल तर शप्पत. जाताना ट्रॉली थांबवली मी त्येच्या दारात. म्हटलं मास्तर, चला, नाग भिजला. फोन दावला मला. म्हणाला, भूपाल, आकडा बदललेला नाही. माणसं बडबडतात, आकडा बोलतो. आकडा बदलला की निघतोच, तू पुढं हो." अण्णांनी डोळे पुसले. "वढ्याला पाणी चढाय लागलं हुतं. मागं बाया-पोरं. मी पुढं झालो."

त्रिशलाला शाळेचं ते अंगण आठवलं. मास्तरांनी पाऊस मोजायला पत्र्याची नळी पुरली होती. वर्ग चालू असला तरी ते ठरल्या वेळी उठून बाहेर जात, नळीत बघत, आत येऊन फळ्याच्या कोपऱ्यात आकडा लिहीत. मुलं त्यांना घड्याळ म्हणायची. जेवणाच्या सुट्टीतही ते उठत. एक दिवस चुकला नाही त्यांचा. तिला आकड्यांचं वेड लागलं ते तिथेच.

तिचा फोन थरथरला. मॅडमचा निरोप होता. वरून शाबासकी आली होती, चोर शेवटपर्यंत तोतयातच अडकून राहिले, अशी यंत्रं आता राज्यभर प्रत्येक नदीवर बसवायची म्हणत होते आणि काम तिच्याकडेच द्यायचं ठरत होतं. सोबत तोतयाचा या आठवड्याचा अहवाल जोडलेला होता. त्रिशलाने तो उघडला. या वेळी तिने खाली बोट लावलं.

सर्वाधिक काळ थांबलेला पाहुणा, असं तोतयाने लिहिलं होतं. दर पाव तासाने नियमित भेट. काल सायंकाळनंतर भेट नाही. कारण अज्ञात. हीच पद्धत पुढे चालू ठेवावी, ही शिफारस.

अण्णा तिच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होते. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं.

"मास्तर त्याच पानावर हुता न्हवं?" त्यांनी विचारलं. "शेवटाला काय इचारलं त्यानं?"

"पातळी."

"मग? तू काय सांगितलंस?"

मी नाही, यंत्राने सांगितलं, असं म्हणता आलं असतं.

"नाग कोरडा आहे," त्रिशला म्हणाली.